तार तापली पाहिजे, पण जळता कामा नये : विजेच्या दिव्याची गोष्ट लहान मुलांना सांगताना

तुम्ही विचारलं आहे की दुसरीच्या मुलांना विजेच्या दिव्याचा शोध कसा सांगावा. तक्त्यावर ‘थॉमस एडिसन, विजेचा दिवा, १८७९’ एवढंच असतं. ते वाचून दाखवलं की मुलं “पण त्यांनी तो केला कसा?” असं विचारतात आणि पुढे काय बोलावं ते सुचत नाही, ही तुमची अडचण.

मुलांचा तो प्रश्न हाच खरा धडा आहे. प्राथमिकच्या मुलांबरोबर विज्ञानाचे तास घेताना हा विषय मी पुष्कळदा हाताळला आहे, आणि माझं ठाम मत असं झालं आहे की सुरुवात एडिसनपासून करूच नये. नाव आधी आलं की मुलं नाव पाठ करतात आणि कुतूहल तिथेच मिटतं. त्याऐवजी त्यांच्यापुढे एक पेच ठेवा. बारीक तारेतून पुरेशी वीज गेली की ती तापते. फार तापली की उजळते आणि तिचा उजेड पडतो. पण एवढी तापलेली तार जळून तरी जाते नाहीतर वितळते, आणि उजेड संपतो. मग तार तापलेली राहील पण जळणार नाही, हे जमवायचं कसं? युरोप-अमेरिकेतली भलीभली माणसं या पेचापाशी सुमारे पंच्याहत्तर वर्षं अडली होती. सात वर्षांच्या मुलाला तो पूर्ण समजतो, आणि समजला की ते मूल स्वतः उपाय सुचवायला लागतं. तुम्हाला फक्त तिथपर्यंत त्याला न्यायचं आहे.

त्यासाठी गोष्टीच्या आधी वस्तू हातात द्या. आजच्या मुलांच्या घरात सगळीकडे एलईडी आहेत. पांढऱ्या टोपीच्या त्या दिव्यात बाहेरून पाहण्यासारखं काही दिसत नाही, त्यामुळे ‘बल्बमधली तार’ म्हटलं तरी डोळ्यांपुढे काही येत नाही. पारदर्शक काचेचा जुना पिवळा बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारून पाहा, किंवा रिक्षा-मोटारसायकलच्या इंडिकेटरचे बल्ब गॅरेजमधून मागून आणा. एक चांगला आणि एक उडालेला असे दोन मिळाले तर फारच उत्तम. दोन्ही टेबलावर ठेवा, एक भिंग द्या आणि काही न बोलता पाहू द्या. “याची तार तुटलीय!” हे कुणीतरी ओरडून सांगतंच. तोपर्यंत थांबा.

मग टॉर्चचा तारेचा छोटा बल्ब, दोन सेल आणि वायरचे दोन तुकडे घ्या. खोली जरा अंधारी करा. बल्ब आधी एकाच सेलवर लावा. तार तांबूस, मलूल दिसेल. आता दोन सेल एकापुढे एक जोडा. तीच तार पिवळी-पांढरी होऊन झळकेल. रंग का बदलला ते मुलांनाच विचारा. “जास्त तापली म्हणून” हे उत्तर बहुतेक वेळा वर्गातूनच येतं. (आजकाल टॉर्चमध्येही एलईडी असतात, त्यांच्यावर हा प्रयोग होत नाही. दुकानात ‘तारेचा बल्ब’ म्हणूनच मागा.)

इथे एखादं चौकस मूल हमखास विचारतं, जोडलेली वायर गार राहते आणि बल्बमधलीच तार का तापते? वीज तर दोघींतून जाते. प्रश्न सुंदर आहे, टाळू नका. शाळा सुटल्यावर सगळी मुलं रुंद पटांगणातून जातात तेव्हा कुणाला कुणाचा धक्का लागत नाही, पण तीच सगळी अरुंद जिन्यावरून एकदम उतरायला लागली की ढकलाढकली होते आणि अंगाला घाम फुटतो. बल्बमधली तार म्हणजे तो जिना. ती मुद्दाम बारीक आणि लांब केलेली असते. या वयाला एवढं पुरे. ‘रोध’ हा शब्द पुढच्या वर्गांत येईलच.

यापुढचा प्रयोग फक्त तुम्ही करायचा, मुलांनी नाही. केसांसारख्या बारीक तारांचं स्टील वूल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. भांड्यांची जाड, स्प्रिंगसारखी घासणी चालत नाही. त्याचा चिमूटभर पुंजका स्टीलच्या थाळीत विरळ पसरा, मुलांना चांगलं लांब उभं करा, केस बांधा, ओढणी किंवा पदर खोचून घ्या, जवळ वाळूचं घमेलं ठेवा. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं पुंजक्याला एकदम टेकवा. तारा लाल होतात, ठिणग्या सरसरत पसरतात आणि क्षणात सगळं काळं पडतं. उजेड पडला, पण टिकला नाही. पेच मुलांच्या डोळ्यांसमोर घडला. तास संपल्यावर बॅटरी आणि स्टील वूल वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. दोन्ही एका खणात राहिले तर टेकून आग लागू शकते.

शेवटी एक पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा काचेचा ग्लास. ज्योत बारीक होत विझते. जळायला हवा लागते हे मुलांना कळतं. (‘आतला सगळा ऑक्सिजन संपला’ असं मात्र सांगू नका. तो पूर्ण संपत नाही, ज्योत टिकेल इतका उरत नाही.) आता पुन्हा विचारा : तार जळू नये म्हणून काय करता येईल? “तिच्यावरपण काच ठेवायची!” “आतली हवा काढून टाकायची!” ही उत्तरं मी मुलांच्या तोंडून ऐकली आहेत, आणि ती ऐकताना दरवेळी आनंद होतो, कारण एकोणिसाव्या शतकातल्या संशोधकांनाही नेमकं हेच सुचलं होतं.

आता गोष्ट सांगा. मी ती साधारण अशी सांगतो. सालं तुमच्यासाठी दिली आहेत, मुलांना सगळी सांगायची गरज नाही.

“तुमच्या आजीच्या आजीच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हा रात्री उजेड हवा असेल तर काहीतरी जाळावंच लागायचं. कुणी तेल जाळायचं, कुणी मेण, कुणी रॉकेल. लंडनसारख्या मोठ्या शहरांत नळातून गॅस यायचा आणि तो जाळायचे. संध्याकाळ झाली की एक माणूस लांब काठी घेऊन यायचा आणि रस्त्यावरचा एकेक दिवा पेटवत पुढे जायचा. या सगळ्या दिव्यांचा धूर व्हायचा, भिंती काळ्या व्हायच्या, आणि कधी वाऱ्याने पडदा ज्योतीवर गेला तर घरच पेटायचं.

“मग १८०० साली इटलीत व्होल्टा नावाच्या माणसाने बॅटरी तयार केली. पहिल्यांदाच माणसाला हवी तेव्हा, हवा तितका वेळ वाहणारी वीज मिळाली. लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही म्हणून एक तरुण संशोधक होते. त्यांनी विजेने प्लॅटिनमची तार तापवून उजळून दाखवली. नंतर त्यांनी धातूचे हजारो पत्रे जोडून एक प्रचंड बॅटरी बांधली आणि कोळशाच्या दोन कांड्या जवळ आणल्या. त्यांच्या मधल्या फटीत डोळे दिपवणारा उजेड झाला! इतका प्रखर की त्याच्याकडे बघवेना.

“हा दिवा समुद्रावरच्या दीपगृहाला छान, मोठ्या चौकाला छान. पॅरिसच्या रस्त्यांवर १८७८ मध्ये असे दिवे लागले, रशियाच्या याब्लोच्कोव्ह यांनी तयार केलेले. पण झोपायच्या खोलीत असा दिवा कोण लावेल? शिवाय त्याच्या कांड्या जळून संपायच्या आणि सारख्या बदलाव्या लागायच्या. घराला हवा होता लहानसा, शांत, डोळ्यांना न टोचणारा दिवा. तो काही केल्या जमेना.”

इथे थांबून मुलांना विचारा की तार कशाची करावी. लोखंडाची? तांब्याची? वर्ग हिरिरीने नावं सांगतो. मग सांगा की त्या माणसांनीही असंच एकेक करून पाहिलं. प्लॅटिनम सहजी जळत नाही, पण ते महाग, आणि फार तापवलं की वितळतं. कोळसा, म्हणजे कार्बन, तापवून वितळत नाही, पण हवा मिळाली की लगेच पेटतो. म्हणून कोळशाची तार करायची आणि तिच्याभोवतीची हवा काढून टाकायची. कल्पना सगळ्यांना कळली होती. अडत होतं ते हवा काढण्यापाशी.

माझ्या मते या गोष्टीतला हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला औषधं आणि रसायनांच्या व्यवसायात असलेले जोसेफ स्वान यांनी १८५०च्या सुमारास कागदाच्या पट्ट्या जाळून त्यांचा कोळसा करायला सुरुवात केली होती. काचेच्या भांड्यात ती पट्टी ठेवून, पंपाने हवा काढून त्यांनी ती उजळवलीही. पण पंप साधे होते, आत थोडी हवा राहायची, आणि तेवढी हवा पट्टीला खाऊन टाकायला पुरेशी होती. विजेसाठीही महागड्या बॅटऱ्याच होत्या. स्वान यांनी काम बाजूला ठेवलं. पुढे १८६५ मध्ये हर्मान श्प्रेंगेल यांनी नवा पंप तयार केला. त्यात बारीक नळीतून पारा थेंबाथेंबाने खाली पडतो आणि प्रत्येक थेंब जाताना थोडी हवा घेऊन जातो. काम संथ, पण हवा जवळजवळ सगळी निघते. हा पंप हाती आल्यावर स्वान १८७०च्या दशकात पुन्हा कामाला लागले. त्यांना साथ दिली चार्ल्स स्टर्न यांनी. ते बँकेत कारकून होते आणि निर्वात नळ्यांचा त्यांना छंद होता. फेब्रुवारी १८७९ मध्ये स्वान यांनी न्यूकॅसलच्या सभागृहात लोकांसमोर कोळशाच्या कांडीचा आपला दिवा पेटवून दाखवला. बँकेतल्या कारकुनाची ही हकिगत मुलांना जरूर सांगा. ‘शास्त्रज्ञ’ नसलेला माणूसही यात होता, हे त्यांना फार आवडतं.

आणि मग एडिसन. गोष्टीचा पुढचा भाग मी मुलांना असा सांगतो :

“त्याच वेळी समुद्रापलीकडे, अमेरिकेत न्यू जर्सीच्या मेन्लो पार्क नावाच्या छोट्या गावात थॉमस एडिसन यांची कार्यशाळा होती. ते एकटे नव्हते बरं का! चार्ल्स बॅचलर यांचे हात फार नाजूक काम करायचे. फ्रान्सिस अप्टन अवघड गणितं सोडवायचे. जॉन क्रूसी कुठलंही यंत्र बनवून द्यायचे. लुडविग बोएम तोंडाने फुंकून काचेचे फुगे तयार करायचे. सगळे रात्र रात्र जागायचे.

“त्यांनी शिवायचा सुती दोरा घेतला. तो घोड्याच्या नालासारखा वाकवला, बंद साच्यात ठेवून भट्टीत तासन्तास भाजला. दोऱ्याचा काळा कोळसा झाला. आता तो इतका ठिसूळ की फुंकर मारली तरी तुटेल. बॅचलर तो हळूच उचलून काच फुंकणाऱ्याकडे निघाले. एडिसन त्यांच्या मागून, खजिन्यावर पहारा ठेवावा तसे. टेबलापाशी पोचले आणि... टक्! तुटला. पुन्हा दुसरा भाजला. तो नेला, तर त्याला एक छोटा पेचकस लागला आणि तोही तुटला. मग तिसरा. तो मात्र नीट काचेच्या फुग्यात बसला.”

हा प्रसंग एडिसन यांनीच नंतर आठवणींत सांगितला आहे. वर्गात सांगताना एका मुलाला बॅचलर करा, तळहातावर धागा ठेवून श्वास रोखून चालायला लावा. पूर्ण वर्ग श्वास रोखतो.

“मग पाऱ्याच्या पंपाने हवा काढायला सुरुवात झाली. मध्येच दोऱ्यातून थोडी वीज सोडून तो गरम करायचा, म्हणजे कोळशाच्या आत लपून बसलेली हवाही बाहेर येते. ती पण काढायची. फुग्याचं तोंड वितळवून बंद केलं. ऑक्टोबर १८७९. मध्यरात्र उलटून गेलेली. दिवा लावला. एक तास गेला, दोन तास गेले. सकाळ झाली, दिवा चालूच! दुपारपर्यंत चालला.”

प्रयोगशाळेच्या वहीत त्या दिव्याची नोंद साडेतेरा तासांची आहे. बऱ्याच गोष्टींत ‘चाळीस तास’ येतात. तुम्ही साडेतेराच सांगा, आणि मुलांना हिशेब करू द्या : रात्री दीडला लागला तर किती वाजता गेला? बोटं मोजत दुपारचे तीन येतात. तास आणि गणित दोन्ही साधतात. एडिसन यांना या दिव्याचं पेटंट २७ जानेवारी १८८० रोजी मिळालं, आणि त्याआधीच, १८७९च्या वर्षअखेरच्या संध्याकाळी, मेन्लो पार्कचे दिवे बघायला लोक रेल्वेने लोटले होते.

एडिसन यांचा दोरा स्वान यांच्या कांडीपेक्षा खूप बारीक होता, आणि यातच त्यांची मोठी समज दिसते. तिसरी-चौथीच्या मुलांना हे सांगता येतं. जाड कांडी उजळायला खूप वीजप्रवाह लागतो, आणि एवढा प्रवाह घरोघर न्यायचा तर रस्त्याखालून मनगटाएवढ्या जाड तांब्याच्या तारा टाकाव्या लागतील. तांबं महाग. बारीक, जास्त अडवणारा धागा असेल तर कमी प्रवाहात काम भागतं आणि बारीक तारा पुरतात. एडिसन आणि अप्टन तांब्याच्या खर्चापासून मागे मोजत आले आणि धागा कसा हवा ते ठरवलं. दिव्याचा विचार करताना ते गावाचा विचार करत होते.

धाग्याचा शोध तरी संपला नव्हताच. पुठ्ठा, मासे पकडायचा दोर, नाना प्रकारची लाकडं, गवतं, एवढंच काय, माणसाच्या दाढीचे केसही भाजून पाहिले गेले. दाढीचं ऐकून वर्ग हसून लोळतो, हसू द्या. शेवटी बांबूचा धागा सर्वांत टिकाऊ ठरला. त्यासाठी माणसं देशोदेशी पाठवली गेली आणि जपानमध्ये क्योटोजवळ हवा तसा बांबू सापडला. त्याचे चांगले दिवे हजार तासांहून जास्त चालायचे. वर्गात बांबूची कामटी आणि सुती दोरा शेजारी ठेवा. इतक्या साध्या वस्तूंतून उजेड निघाला हे मुलांना हाताने चाचपून बघायला हवं.

आता मुलांचा आणखी एक प्रश्न येणार : दिवा केला, पण लावायचा कशावर? प्लग तर नव्हते! हा प्रश्न आला तर समजा तुमचा तास उत्तम झाला. इंग्लंडचे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवून वीज निर्माण केली होती. त्याच तत्त्वावर पुढे यंत्रं झाली, वाफेवर फिरणारी. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसन यांचं वीजघर सुरू झालं. आत कोळशाच्या भट्ट्या, वाफेची इंजिनं आणि इतकी अजस्र यंत्रं की त्यांना त्या काळच्या प्रसिद्ध हत्तीवरून ‘जंबो’ म्हणत. बाहेर जमिनीखालून तारा. पहिल्या दिवशी आसपासच्या घरा-कचेऱ्यांत मिळून चारशेच्या आसपास दिवे लागले. स्विच, होल्डर, मीटर, फ्यूज यातलं बरंच त्यांना नव्याने घडवावं लागलं. आपण बल्ब फिरवून बसवतो ती आटेवाली टोपी त्यांच्याच कार्यशाळेतली आहे आणि ‘एडिसन स्क्रू’ म्हणून अजून ओळखली जाते.

लोकांना या दिव्याची इतकी सवय नव्हती की हॉटेलच्या खोल्यांत पाट्या लावाव्या लागत : हा विजेचा दिवा आहे, काडी ओढून पेटवू नका, दाराजवळची किल्ली फिरवा. मुलांना ती पाटी मराठीत लिहायला सांगा. कधीच विजेचा दिवा न पाहिलेल्या माणसासाठी सूचना लिहिताना ती फार बारकाईने विचार करतात.

भीतीही होती. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ मध्ये स्वान यांचे सुमारे १२०० दिवे लागले, तेव्हा तिथले मालक डॉयली कार्ट यांनी रंगमंचावर पेटता दिवा मलमलीत गुंडाळून फोडून दाखवला. कापड करपलंसुद्धा नाही, कारण काच फुटताच आत हवा शिरली आणि धागा जळून तत्काळ विझला. मुलांनी मघाशी शिकलेलंच इथे उलट्या बाजूने आलं. (हे गोष्टीतच ठेवा. आजचा तापलेला बल्ब कुणीही कपड्यात गुंडाळू नये.)

आपल्याकडचा दुवा द्यायचा तर पर्ल स्ट्रीटच्याच वर्षी, १८८२ मध्ये, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला विजेचे दिवे लागले होते. ती कंपनी मात्र लगेच बंद पडली. मुंबईला नियमित वीज द्यायला पुढे १९०५ मध्ये कंपनी उभी राहिली, आज आपण जिला ‘बेस्ट’ म्हणतो तिची सुरुवात. १९१५ मध्ये लोणावळ्याच्या बाजूच्या धरणांचं पाणी घाटाखाली खोपोलीला आणून त्यावर टाटांचं वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालू लागल्या. घाट उतरताना डोंगरावरून येणारे मोठे नळ मुलांनी पाहिले असतील तर ‘वीज कुठून येते’ याचं उत्तर त्यांना चटकन सापडतं.

मोठ्या मुलांना आणखी एका माणसाची गोष्ट सांगावी असं मला मनापासून वाटतं : लुईस लॅटिमर. त्यांचे आई-वडील अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून बॉस्टनला आले होते. लॅटिमर स्वतःच्या हिमतीवर यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले. १८८२ मध्ये त्यांना दिव्याचे कार्बनचे धागे तयार करण्याच्या सुधारित पद्धतीचं पेटंट मिळालं, आणि पुढे ते एडिसन यांच्या कंपनीत कामाला लागले. तक्त्यांवर हे नाव नसतं.

आता दोन गोष्टी टाळायच्या त्या. ‘एडिसन हजार वेळा अपयशी झाले’ हे वाक्य सांगू नका. आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, आणि त्यातून मुलांच्या मनात अंदाधुंद प्रयत्नांचं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात प्रत्येक धाग्यामागे एक विचार होता आणि प्रत्येक निकाल वहीत उतरवला जात होता. आणि हल्ली दुसऱ्या टोकाचं एक वाक्य पसरलं आहे, ‘एडिसननी बल्ब चोरला’. तेही खरं नाही. स्वान आणि एडिसन आपापल्या ठिकाणी त्याच पेचाशी झगडत होते, दोघांना उत्तर सापडलं, आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये दोघांनी मिळून कंपनी काढली. तिच्या दिव्यांवर ‘एडिस्वान’ असं नाव असे.

नंतरच्या काळातून घाईने जा. कार्बनच्या जागी टंगस्टन आलं. हा धातू ३४०० अंश सेल्सियसच्या वर तापवल्याशिवाय वितळत नाही. त्याची लवचीक तार काढायची रीत विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास बसवली. इर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१३ मध्ये दाखवलं की फुगा रिकामा ठेवण्याऐवजी जळू न देणारा वायू भरला तर तार हळू झिजते. म्हणून पिवळ्या बल्बमध्ये ‘काहीच नसतं’ असं म्हणू नका, बहुतेकांत असा वायू असतो. एखादं मूल एलईडी दाखवून “यात तार कुठाय?” विचारेल. सांगा की यात तार तापवतच नाहीत. आत एक चिमुकला खास तुकडा असतो, त्यातून वीज गेली की तो तापून लाल न होताच उजेड देतो, म्हणून विजेची उधळपट्टी होत नाही. पिवळ्या बल्बमधली बहुतेक वीज उष्णतेत जाते. निळा एलईडी करणं फार कठीण होतं. तो साधल्यावरच पांढरा एलईडी शक्य झाला, आणि त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

हे सगळं एका तासात कोंबू नका. दुसरीला पहिल्या दिवशी बल्ब, सेल, ठिणग्या आणि मेणबत्ती, दुसऱ्या दिवशी दोऱ्यापर्यंतची गोष्ट. पर्ल स्ट्रीट, लॅटिमर आणि तांब्याचा हिशेब तिसरी-चौथीला. प्रत्येक दिवशी एक वाक्य मात्र न चुकता म्हणा : हे प्रयोग फक्त सेलवर, घरातल्या प्लगमध्ये बोट, तार, पेन्सिल काहीही घालायचं नाही. सेलची वीज आणि प्लगची वीज यांच्या जोरात किती फरक आहे ते १.५ आणि २३० हे आकडे फळ्यावर शेजारी लिहून दाखवा.

राहिला परीक्षेतला प्रश्न, कारण पालक तो विचारतीलच. ‘विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला?’ याला एका ओळीची जागा असेल तर मुलांना ‘थॉमस एडिसन’ लिहू द्या. चाचणी तुम्हीच काढणार असाल तर प्रश्न बदला : ‘बल्बमधली हवा का काढली?’ किंवा ‘तार जाड असती तर काय झालं असतं?’ उत्तराला दोन-तीन ओळींची जागा सोडा, आणि चित्र काढून दाखवलं तरी पूर्ण गुण द्या.